जांभळी फुलं, गोड वास, नाव काय? अंगणातल्या झुडपाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माघ सरत आला की मोबाइलवर फोटो यायला लागतात. जांभळ्या फुलांचा झुबका आणि खाली एक ओळ: "ताई, हे कसलं झाड? वास लई गोड येतो." फोटोत फूल असतं, नुसतं फूल. पान अर्धं कापलेलं, देठ दिसत नाही, झाड कमरेइतकं आहे की गच्चीला टेकलंय तेही कळत नाही. परभणी, नांदेड, लातूर, जालना, बीड, सगळीकडून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच एकत्र लिहून ठेवली. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत, जरा झाडून-पुसून घेतलेले.

१. जांभळ्या फुलांचं, वास येणारं झुडूप आहे. नाव सांगा.

आपल्याकडे ते बहुतेक वेळा चारांपैकी एक निघतं: ब्रुनफेल्सिया, निरगुडी, दुरांटा, नाहीतर बकाणा निंबाचं कोवळं झाड. चारही जांभळी, चारही कमी-जास्त वासाची. म्हणून रंगावर जाऊ नका, पान बघा.

पान साधं, वांग्यासारखं एकाआड एक लागलेलं, आणि एकाच झाडावर जांभळी अन् पांढरी फुलं शेजारी शेजारी: ब्रुनफेल्सिया. पान पंजासारखं, तीन किंवा पाच बोटांचं, खालून पांढुरकं: निरगुडी. पानं छोटी, साधी, समोरासमोर. फुलांचे घोस लोंबते आणि मागाहून पिवळ्या मण्यांसारखी फळं: दुरांटा. पान कडुलिंबासारखं, पण फांदीला फांदी फुटावी तसं पुन्हा फुटलेलं: बकाणा. यातलं काहीच जुळत नसेल तर खाली वाचत जा.

२. फोटो पाठवते, ओळखून द्या. कसा काढायचा?

पाच काढा. अख्खं झाड, शेजारी माणूस किंवा बादली ठेवून. एक फांदी, जिच्यावर पानं कशी लागलीत ते दिसेल. पान वरून. तेच पान उलटं करून. आणि फूल समोरून, जवळ एक रुपयाचं नाणं धरून. सोबत दोन ओळी लिहा: वास कधी येतो (सकाळी, दुपारी की दिवेलागणीला) आणि पान चुरगळल्यावर कसा येतो. हात मग धुवा, कारण यातली निम्मी झाडं पोटात जाण्यासारखी नाहीत (प्रश्न १८).

पाचांतला एकच काढायचा झाला तर उलट्या पानाचा काढा. लोकांना नवल वाटतं, पण मी फुलाचा फोटो शेवटी बघते.

३. पानं समोरासमोर की एकाआड एक, हे मला काही कळत नाही.

अंगणातच शिकता येतं. तुळशीची फांदी बघा: दोन पानं एकमेकांसमोर, पुढची जोडी आडवी. हे समोरासमोर. आता जास्वंद बघा: एक पान इकडे, थोडं वर गेल्यावर दुसरं तिकडे. हे एकाआड एक. झालं.

घोटाळा दोन ठिकाणी होतो. ब्रुनफेल्सियाची पानं फांदीच्या टोकाला इतकी दाटतात की समोरासमोर असल्यागत वाटतात. तिथे टोक सोडून वीतभर खाली बघायचं. दुसरा घोटाळा निरगुडी आणि बकाण्याचा. तिथे लोक एका बोटाला किंवा पाकळीएवढ्या पात्यालाच अख्खं पान समजतात. खूण अशी: खऱ्या पानाच्या काखेत डोळा असतो, जिथून पुढे नवी फांदी फुटते. बोटाच्या काखेत डोळा नसतो. म्हणजे डोळ्यापासून टोकापर्यंत जेवढं आहे ते सगळं मिळून एक पान.

४. ब्रुनफेल्सिया कसं ओळखू, नीट सांगा.

छातीइतकं वाढणारं, फांद्या दाट, वरून गडद हिरवी आणि खालून फिकी पानं. फूल सपाट, पाच पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, मागे बारीक नळी आणि मधोमध पांढरट डोळा. पुंकेसर नळीत लपलेले असतात, बाहेर काही लोंबत नाही. कुळ वांगी, मिरची, टोमॅटो, धोत्रा आणि रातराणीचं. मूळ गाव दक्षिण अमेरिका, मुख्यतः ब्राझील. सोळाव्या शतकातल्या ओटो ब्रुनफेल्स या जर्मन वनस्पती-अभ्यासकाचं नाव या झाडाला मिळालं. आपल्या नर्सरीत त्याचं ब्रून्सफेल, ब्रुनफेशिया असं काहीही होतं, समजून घ्यायचं.

आपल्याकडे मुख्य बहर माघ-फाल्गुनात येतो, थंडी मागे हटताना. पावसाळा लागला की पुन्हा थोडी फुलं दिसतात.

५. एकाच झाडाला जांभळी, फिकी आणि पांढरी फुलं आलीत. नर्सरीवाल्याने दोन झाडांचं कलम केलंय का?

नाही. फूल एकच असतं, दिवस बदलतो. उमलतं तेव्हा गर्द जांभळं, पुढे फिकट होत जातं आणि दोन-तीन दिवसांत पांढरं पडतं. जांभळा रंग देणारं द्रव्य पाकळीत हळूहळू मोडत जातं, एवढंच. सगळी फुलं एका दिवशी उमलत नाहीत, म्हणून एका वेळी तिन्ही रंग दिसतात.

खात्री करायची असेल तर सकाळी एका जांभळ्या फुलाच्या देठाला दोरा बांधा आणि तेच फूल रोज बघा. पोरांना दाखवण्यासारखा हा प्रयोग आहे. मी शाळेत शिकवायची तेव्हा पाचवीच्या वर्गाला दाखवला होता. एका मुलाने तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच फुलाला दोरा बांधून मला फसवलं, पण बाकीच्यांना पटलं.

६. याला मराठीत काय म्हणतात?

बाहेरून आलेलं झाड, जुनं मराठी नाव नाही. इंग्रजीत याला 'यस्टरडे-टुडे-टुमॉरो' म्हणतात, त्यावरून 'काल-आज-उद्या' असं नाव चालतं. मजा अशी की झाडावर क्रम उलटा वाचावा लागतो, पांढरं ते कालचं आणि जांभळं ते आजचं. नर्सरीत मात्र 'यस्टरडे-टुडे' म्हणून मागा, लवकर मिळेल.

७. सुवासिक म्हणून घेतलं, फुलं भरपूर येतात, पण वासच येत नाही. फसवलं का?

कदाचित नाही. आधी विचारा, नाक कधी लावलं? हे दुपारचं झाड नाही. फाल्गुनातल्या दुपारी कोरडा वारा सुटलेला असताना फुलात नाक घातलं तरी काही लागत नाही. दिवेलागणीनंतर, वारा पडल्यावर, अंगणात खुर्ची टाकून बसा. वास आपण शोधायचा नाही, तो आपसूक येतो.

तरीही आला नाही तर जात बघा. नर्सरीत दोन-तीन जाती एकाच नावाने विकल्या जातात. मोठ्या फुलाची, जाड चामड्यासारख्या पानाची जात दिसायला देखणी, पण वासाला कमी. लहान फुलांची, अंगाने हलकी दिसणारी जात वासाला खरी. लोक साहजिकच मोठं फूल बघून उचलतात. घ्यायचंच असेल तर बहरात आणि संध्याकाळी नर्सरीत जा. मालक दिवे मालवायच्या घाईत असतो खरा, पण वास घेतल्याशिवाय घेऊ नका.

तिसरी शक्यता, झाड ब्रुनफेल्सिया नाहीच. त्यासाठी प्रश्न १४ आणि २४.

८. शेजारच्या आजी म्हणतात ही तर निरगुडी. खरं का?

आजी सहसा चुकत नाहीत. निरगुडी आपल्या मातीची. गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा, कुठल्याही नदीच्या नाहीतर ओढ्याच्या काठाने चाला, निरगुडी भेटते. वावराच्या बांधावर, कुंपणाला ती मुद्दाम लावतात, कारण शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. जुन्या शाळेत शिकलेल्यांना निरगुडीचा फोक वेगळा आठवतो. त्यांना पान दाखवायची गरज पडत नाही.

खुणा पक्क्या आहेत. कोवळी फांदी बोटांत फिरवली तर गोल लागत नाही, चौकोनी लागते. पान समोरासमोर आणि पंजासारखं, बहुधा पाच बोटांचं, कधी तीन. पान उलटलं की खालची बाजू राखेसारखी पांढुरकी. फुलं अगदी बारीक, निळसर जांभळी, फांदीच्या टोकाला तुऱ्यात. पाच पाकळ्यांत खालची एक मोठी, ओठासारखी.

वासाबद्दल मात्र नीट समजून घ्या. निरगुडीच्या फुलाला मंद वास असतो, पण तुम्हाला जो जाणवतो तो बहुतेक पानाचा: उग्र, औषधी. गोड नव्हे. याच वासासाठी धान्याच्या कणगीत निरगुडीचा पाला टाकत, आणि गुडघे धरले की तो पाण्यात उकळून शेक घेत. कुणी "गोड वास" म्हणत असेल तर मी निरगुडी बाजूला ठेवते आणि बाकी तिघांकडे वळते.

पानाच्या बोटांना करवतीसारखे दाते असले तरी गोंधळू नका, तोही निरगुडीचाच प्रकार आहे.

९. पान वरून हिरवं आणि खालून जांभळं आहे. फुलंही फिकी जांभळी. ही कुठली निरगुडी?

निरगुडीची चुलत बहीण, शोभेची. पानाला बहुधा तीनच बोटं, आणि वारा आला की अख्खं झाड हिरव्याचं जांभळं होतं. बंगल्यांच्या कुंपणाला ही आता बरीच दिसते. लावतात पानासाठी, फुलाच्या वासासाठी घेऊ नका.

१०. आमच्या कुंपणाच्या मेंदीला जांभळी फुलं आली आणि चॉकलेटसारखा वास येतोय. मेंदीला अशी फुलं येतात?

मेंदीला येत नाहीत. तिची फुलं पांढरट आणि वास वेगळाच. तुमचं कुंपण दुरांट्याचं आहे. आपल्याकडे कापून सरळ केलेल्या कुठल्याही कुंपणाला मेंदीच म्हणतात, म्हणून घोळ होतो.

दर महिन्याला कात्री चालते तोवर दुरांटा फुलत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळतही नाही की याला फूल असतं. माळी सुटीवर गेला, झाड वाढलं, फांद्या वाकल्या, की जांभळे घोस लोंबायला लागतात. फूल नाण्यापेक्षा लहान, काही जातींत पाकळ्यांना पांढरी कडा. वास हलका, कुणाला व्हॅनिलाचा वाटतो, कुणाला चॉकलेटचा. नंतर येतात पिवळी-नारिंगी, मण्यांच्या सरीसारखी फळं. बुलबुल खातात म्हणून पोरंही खायला जातात. ती विषारी आहेत, प्रश्न १८ जरूर वाचा. काही झाडांना काटे असतात, काहींना नाही. त्यावरून ओळख ठरवू नका.

११. कडुलिंबाला जांभळी फुलं आलीत आणि वास अगदी अत्तरासारखा. असं होतं का?

कडुलिंबाचं फूल पांढरं असतं. जांभळं आलं म्हणजे तो बकाणा निंब. कडुलिंबाच्या पानात एक दांडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाती. बकाण्याच्या दांड्याला फाटे फुटतात आणि त्या फाट्यांवर पाती. फिकी जांभळी फुलं आणि मध्ये गर्द जांभळी बारीक नळी उभी. बकाणा झुडूप नव्हे, झाड आहे, पण दोन-तीन वर्षांचं असताना अंगणात झुडपासारखंच दिसतं. म्हणून या यादीत.

ही ओळख नुसत्या हौसेची नाही. दोघांचा मोहर एकाच सुमाराला, चैत्राच्या तोंडाशी येतो. पाडव्याला कडुलिंबाची पानं-फुलं गूळ-ओवा घालून खायची रीत आहे, आणि शहरात वाढलेली मंडळी भल्या सकाळी अंधारात बकाण्याची डहाळी तोडून आणतात. बकाणा पोटात घ्यायचा नाही. त्याची फळं तर अजिबात नाही. डहाळी आणली की उजेडात एकदा बघा: पांढरं फूल आणि एकच दांडा, तरच ताटात.

१२. हे लिलॅक आहे का? ऑनलाइन फोटो डिट्टो तसाच आहे.

नाही. खरं लिलॅक थंड मुलखातलं झुडूप. मूळ बाल्कन डोंगरांतलं. काही महिने कडक थंडी मिळाल्याशिवाय त्याला कळी धरत नाही. आपल्याकडे पौषात चार रात्री पारा दहाखाली गेला तर शेकोट्या पेटतात, त्याला ती थंडी वाटतच नाही. शिवाय त्याचं पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं, समोरासमोर, आणि फुलाला पाकळ्या चार. तुमच्या फोटोतल्या मोजा: पाच आहेत.

बी मागवून उगवलं तर? झालंच तर नुसत्या पानांचं झाड होईल, वैशाख काढला तर. पैसे घालू नका. बकाण्याला इंग्रजीत 'पर्शियन लिलॅक' आणि प्रश्न ९ मधल्या निरगुडीला 'अरेबियन लिलॅक' म्हणतात, त्या नावांमुळे विकणारे आणि घेणारे दोघेही गोंधळतात.

१३. मग लॅव्हेंडर?

लॅव्हेंडर गुडघ्याइतकं, पान काडीसारखं बारीक आणि करडं. तुमचं ते नाही. जम्मूतल्या भदरवाहला त्याची शेती होते, तिकडची हवा वेगळी. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचलं की मूळ कुजतं.

१४. फुलं जांभळी, मग फिकी, मग पांढरी होतात. पण पान चुरगळलं तर लसणाचा वास! हे ब्रुनफेल्सिया का?

रंग बदलणारी सगळीच झाडं ब्रुनफेल्सिया नसतात. ही लसूण वेल. फुलं कर्ण्यासारखी, घोसात, पानं जोडी-जोडीने. गेटवरच्या कमानीवर चढलेली असते, पण छाटून छाटून खाली ठेवली तर झुडूप वाटते आणि फसवते. मोठा बहर दिवाळीच्या आसपास. चुरगळलेलं पान सगळं सांगतं. ब्रुनफेल्सियाच्या पानाला असा काही वास नाही.

१५. गुलबक्षी, कोरांटी, धोत्रा, बेशरम... यातलं एखादं असेल तर?

एकेका ओळीत. गुलबक्षी दुपारी चारच्या सुमाराला उमलते, वास गोड, पण बुडाशी कंद असतो, खोड मऊ रसरशीत आणि बी काळ्या मिरीसारखं. रंगही गुलाबी-राणीकडे झुकलेला. जांभळी कोरांटी दिसायला सुरेख, वासाला शून्य. काळ्या धोत्र्याचं फूल वीतभर लांबीचा कर्णा, बाहेरून जांभळं, संध्याकाळी वास येतो आणि सगळं झाड जहर. बेशरमचा कर्णा फिका गुलाबी-जांभळा. कालव्याकाठचं ते रान लोक अजूनही बागेत आणून लावतात, का ते मला कळलेलं नाही. घाणेरीची एक लोळणारी जात जांभळ्या फुलांची असते, वास पानालाच आणि तो नावाप्रमाणे. रुईच्या फुलावर जांभळी छटा असते, पण पान तोडलं की चीक, ओळख तिथेच संपते.

१६. चिनी मेंदी आणि ताम्हण यांचं काय?

ताम्हण आपलं राज्यफूल, पण झाड मोठं आणि फुलाला सांगण्यासारखा वास नाही. चिनी मेंदी त्याचीच लहान बहीण, बागेत झुडूप म्हणून लावतात. दोघांच्या पाकळ्या क्रेप कागदासारख्या चुरगळलेल्या. वासाचं झाड शोधत असाल तर पुढे चला.

१७. मोबाइलचं ॲप दर वेळी वेगळं नाव सांगतं. कशावर विश्वास ठेवू?

ॲप फुलाचा रंग-आकार बघतं आणि जगभरातल्या फोटोंशी जुळवतं. त्याला पानाचा, फांदीचा फोटो वेगळा दिला तर उत्तर पुष्कळ सुधारतं. मी करते ते असं: फुलावरून आलेलं नाव आणि पानावरून आलेलं नाव एकच निघालं तरच पुढे बघायचं. एका भाच्याला ॲपने निरगुडीच्या पानावरून गांजा सांगितला होता, घरात दोन तास गोंधळ. पंजासारखं दातेरी पान म्हटलं की असं होतं.

१८. विषारी आहे का? घरात लहान मूल आणि कुत्रं आहे.

झाडागणिक सांगते.

ब्रुनफेल्सिया: हो. कुत्र्यांना तर फारच, विशेषतः फळ आणि बी. फळ लिंबापेक्षा लहान, हिरवं, वाळून तपकिरी होतं. बागेत ते दरवर्षी धरेलच असं नाही, म्हणून लोक गाफील राहतात. कुत्र्याने खाल्लं तर उलटी, मग अंग थरथरणं, ताठरणं, आकडी. वाट बघत बसू नका, फांदी सोबत घेऊन तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे. घरात चावरं पिल्लू असेल तर फळं दिसताच तोडून टाका, किंवा हे झाडच लावू नका. छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढे टाकायच्या नाहीत. ब्राझीलमध्ये याच्या मुळीचा लोकऔषध म्हणून वापर झाला आहे, हे वाचून कुणी घरी काढा करायला जाऊ नये.

दुरांटा आणि बकाणा: दोन्हींची फळं विषारी. पोरांना ती बोरांसारखी किंवा मण्यांसारखी वाटतात, म्हणून खेळायच्या जागेजवळ दुरांटा फुलू-फळू देऊ नका. कात्री चालू ठेवली की प्रश्नच मिटतो. मुलाने खाल्लं तर घरगुती उपाय करत बसू नका, झाडाची डहाळी घेऊन दवाखाना गाठा.

निरगुडी: पिढ्यान्‌पिढ्या वापरातली, पण शेक आणि लेप वेगळा, पोटात घेणं वेगळं. पोटात घ्यायचं ते वैद्यांच्या सल्ल्यानेच.

१९. ब्रुनफेल्सियाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या. पाणी कमी पडतंय का?

पाणी नाही, लोह. उसावर केवडा पडतो ना, तोच हा. मराठवाड्यात हे झाड याच कारणाने सगळ्यात जास्त मरतं, आणि लोक वर पाणी ओततात.

कारण जमिनीत आहे. या झाडाला किंचित आंबट माती लागते. आपली काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळाला ते उचलता येत नाही. नवं पान आधी पिवळं होतं, कारण झाडाला जुन्या पानातलं लोह काढून नव्याला देता येत नाही. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर तो वेगळा रोग. तिथे नत्र किंवा साचलेलं पाणी बघा.

उपाय: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला पाच ग्रॅम आणि चिमूटभर लिंबूसत्व, संध्याकाळी पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. फरशीवर उडालं तर तांबडे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. माझ्या ओट्यावर आहेत. हिराकस नुसतं मातीत टाकून फायदा थोडा, चुना त्यालाही धरून ठेवतो. मातीतूनच द्यायचं तर चिलेटेड लोह (चुन्याने धरू नये असं बांधून दिलेलं) घ्या, पण पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं. ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही. पावसाचं पाणी टाकीत साठवून या एका झाडाला द्या. माझं झाड त्यावरच उभं आहे.

शंका असेल तर मातीच तपासा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

२०. कुंडीत लावू की जमिनीत?

वरचं वाचलंत तर उत्तर आलंच. जमीन काळी असेल तर चौदा-सोळा इंची कुंडी बरी: तांबडी माती, कुजलेलं शेणखत, थोडी जाड वाळू. निरगुडी आणि दुरांट्याला यातलं काही लागत नाही, ते कुठेही येतात.

२१. तीन वर्षं झाली, झाड हिरवंगार आहे पण फुलं नाहीत.

छाटता कधी? बरेच जण दिवाळीला घर आवरतात तेव्हा अंगणही आवरतात आणि ब्रुनफेल्सियाची टोकं कापतात. माघातली कळी त्याच टोकांवर येणार होती. छाटायचं ते बहर संपल्या संपल्या, चैत्राच्या आत. दुसरं कारण दाट सावली, तिसरं युरियाची हौस. पुष्कळ नत्र दिलं की पानं होतात, फुलं नाही.

२२. उन्हाळ्यात पानं करपतात. पारा ४२ च्या वर जातो, काय करू?

पूर्वेची जागा द्या: सकाळचं ऊन, दुपारी भिंतीची सावली. ते शक्य नसेल तर वैशाखात हिरवी जाळी बांधा. बुडाशी सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरा, खोडाला चिकटवू नका. पाणी सकाळी लवकर. करपलेली पानं लगेच तोडू नका, तीही थोडी सावली धरतात.

२३. फांदी लावून येतं का? आणि देवाला वाहिलं तर चालतं का?

दोन वेगळे प्रश्न, पण जवळजवळ नेहमी एकाच निरोपात येतात.

फांदी: येते, पण निरगुडीसारखी खुपसली की फुटली असं नाही. पावसाळ्यात, ना कोवळी ना जून अशी, पेन्सिलीहून बारीक फांदी घ्या. वरची दोन पानं ठेवा, ओल्या वाळूत लावा, वर प्लॅस्टिकची बाटली कापून झाका. धीर धरा. गुटी कलम (फांदीला झाडावरच मुळं फुटू देऊन मग कापणं) जास्त खात्रीचं.

देवाला: ब्राझीलच्या फुलाबद्दल आपल्या पोथ्यांत काही असायचं कारण नाही. माझी सासू वाहायची आणि म्हणायची, देवाने बनवलं ते देवाला चालतं. नैवेद्याच्या ताटात मात्र ठेवू नका, कारण प्रश्न १८.

२४. सगळं जुळतं, पान एकाआड एक, फूल जांभळं, पाच पाकळ्या. पण फूल पांढरं होत नाही आणि वासही नाही.

फुलाच्या मध्यात बघा. पिवळा ठिपका आणि त्यात पिवळे पुंकेसर एकत्र उभे दिसतात का, वांग्याच्या फुलासारखे? मग ते त्याच कुळातलं, बटाट्याचा भाऊबंद म्हणावं असं शोभेचं झुडूप. ब्रुनफेल्सियाचा डोळा पांढरा आणि पुंकेसर आत लपलेले. हे दोन नर्सरीत शेजारी ठेवलेले असतात आणि चिठ्ठ्या अदलाबदल होतात.

उलट प्रकारही येतो: "फक्त पांढरीच फुलं दिसतात." बहर ओसरताना बघितलं तर ब्रुनफेल्सियावर पांढरीच उरतात. पण पान तोडल्यावर दुधासारखा चीक आला तर ती तगर.

२५. जुनं घर घेतलंय, अंगणात झुडूप आहे. आता हिवाळा, पानं झडलेली, फूल एकही नाही. काही सांगता येईल का?

थोडंफार. फांद्यांच्या टोकाला सुकलेल्या पिवळ्या फळांचे घोस लटकतायत, तर बकाणा. त्याची फळं पानं गेल्यावरही महिनोन्‌महिने राहतात. खोड गुळगुळीत, सालीचे पातळ पापुद्रे निघतात, तर चिनी मेंदी. कोवळी काडी चौकोनी आणि मोडल्यावर औषधी वास, तर निरगुडी. काडी गोल, थोडी पानं अजून टिकलीत आणि ती एकाआड एक आहेत, तर ब्रुनफेल्सियाची आशा धरायला हरकत नाही. थंडीत ते अर्धवट पानं टाकतं. बुडाशी हलकं पाणी द्या, कात्री लावू नका, आणि महाशिवरात्रीच्या सुमाराला दिवेलागणीला एकदा अंगणात येऊन बघा. फोटो तेव्हा पाठवा, पानासकट.